बारा नंबर

मे महिन्यात लॅब बंद असते.
मी यंत्रांवर जुन्या चादरी टाकतो,
एसीचा मेन स्विच पाडतो
आणि रजिस्टरात लिहितो :
संगणक सोळा, माऊस पंधरा.

त्या संध्याकाळी केणी मॅडम आल्या.
"भोईर, चादरी काढा. रात्रीचं काम आहे."

मला वाटलं, आता टेम्पो येणार,
टेम्पोतून कपाटाएवढं काहीतरी उतरणार,
महाप्याला काचेआड ठेवतात तसलं,
निळ्या दिव्यांचं, सतत घोरणारं.
मी जिन्यातल्या कुंड्यासुद्धा बाजूला केल्या.

त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
एक नंबरला लावला.
बाकीच्या पंधरांना सांगितलं :
स्वतःच्या डिस्कला हात लावायचा नाही,
तारेवरून येईल तेवढंच ऐकायचं.
आणि ती ऐकू लागली,
दोन, तीन, चार.
सातला वेळ लागला, त्याची केबल उंदराने चाखलेली.

"एवढंच?"
"एवढंच. पूर्वी याला आठवडा जायचा, भोईर.
दोनदा तर मी रडले होते."

गणित खाडीचं होतं.
भरतीचं पाणी आत कुठवर शिरेल,
धारण तलावाची दारं केव्हा मिटतील,
घणसोलीत कुठल्या गल्लीत किती इंच.
नकाशाचे सोळा पट्टे पाडले.
प्रत्येक यंत्र आपला पट्टा मोजणार
आणि दर पावलाला बांधावर येऊन
शेजारच्याला विचारणार :
तुझ्याकडून किती पाणी येतंय?
शेजारी खरं सांगणार.

हे मला नवीन होतं.
आमच्याकडे बांधावरून
दोन पिढ्या बेलापूर कोर्टात गेल्या.
सातबाऱ्यावर चौदा नावं.
जमीन सिडकोने घेतली, साडेबारा टक्के परत आली,
तिचेही चौदा वाटे झाले,
माझ्या वाट्याला जिन्याखालची खोली.
वाटलं की कमी होतं,
मी एवढंच शिकलेलो.
इथे एकट्या यंत्राचे सहा दिवस
सोळांत वाटले
तर सकाळच्या चहाला उत्तर.

पण दीड वाजता मॅडम पडद्याकडे बघून गप्प झाल्या.
पंधरा यंत्रं काम उरकून बसलेली,
बाराची वाट बघत.
बारा नंबर सगळ्यांत जुना.
रॅम निम्मी, स्पेस बार अडकतो,
पोरं त्याच्यावर बसायला लागू नये
म्हणून लवकर येतात.

मी म्हटलं, काढून टाका. पंधराच पळवा.
मॅडम म्हणाल्या, "पंधरांतही कुणीतरी शेवटचा असेलच ना?"
त्यांनी फायलीतला एक आकडा बदलला.
बाराला पट्टा लहान दिला,
खाडीकडचा, खारफुटीचा.
गणित थांबलेलं होतं तेवढ्यात
मी त्याचं झाकण उघडून
रंगाच्या ब्रशने पंखा झाडला.
बोटाएवढी धूळ,
आणि कुणाचं तरी हरवलेलं आयकार्ड :
तांडेल, नकुल, तुकडी ब.

मग खिडक्या उघडून बसलो.
खाडीचा वास येत होता.
स्विचवरचे हिरवे दिवे
एकमेकांना काहीबाही सांगत होते,
मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं
तरी झोप आली नाही.

साडेसातला नकाशा आला.
मी आमची गल्ली शोधली.
निळी. गुडघ्याच्या जरा खाली.
मला ते लहानपणापासून माहीत होतं,
माझं कुणी लिहून घेतलं नव्हतं, एवढंच.
मॅडमनी लिहून घेतलं.
"इथे खूण असेल ना भिंतीवर?"
"आहे. रंग दिला तरी वर येते."

पेनड्राइव्ह निघाला.
सोळाही यंत्रं पुन्हा साधी झाली,
जूनमध्ये टायपिंगच्या बॅचला
काही म्हणजे काही कळणार नाही.
मी चादरी टाकल्या.
रजिस्टरात 'वापर' या खान्यात
काय लिहावं, सुचेना,
तो कोरा सोडला.
शेऱ्यात लिहिलं :
बारा नंबर चालू आहे.