फिटर बोद्दूल

साखर पेठेत माग दुरुस्त करणारे नरसय्या बोद्दूल
पाना फिरवता फिरवता मधेच म्हणायचे,
"लुसियेंचं इंजिन डावीकडं ओढायचं."
कोण लुसियें?
आम्ही पोरं फिदीफिदी.

कोण म्हणजे? बेल्जमचा पायलट.
देश जर्मनांनी गिळलेला,
हा दुसऱ्यांच्या विमानात, दुसऱ्यांच्या कपड्यात,
खांद्यावर तेवढी बोटभर पट्टी
आपल्या मुलखाच्या नावाची.

सहा जण होते. तिघांची बोली एक, तिघांची वेगळी.
जेवताना भांडायचे, उडताना नाही.
"आपल्यागतच की," बोद्दूल हसायचे,
"घरात तेलुगू, शेजारी कानडी, कोर्टात मराठी."

एकदा त्याला घरून आलेली शेंगाचटणी दिली.
डोळ्यांतनं पाणी, तरी बोटं चाटत बसला.
दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच गावावरून उडून आला,
म्हणाला, आईनं चादरी वाळत घातल्यात.
एवढ्या उंचावरून?
बोद्दूलनी विचारलं नाही.
फिटरनं पायलटला असलं विचारायचं नसतं.

मग एका संध्याकाळी पाचच उतरले.
फळ्यावरचं खडूचं नाव पुसायला
कुणी उठेना.

डावीकडं ओढायचं.
मी त्याला सांगितलं होतं.
सांगितलं होतं ना?
हे ते मागाला विचारायचे, आम्हाला नाही.

गच्चीवर नवी चादर सुकून कडक झालेली,
बायको खालून हाक मारायची: काढू का आता?
बोद्दूल पाना खाली ठेवून
वर बघत म्हणायचे,
राहू दे गं,
अजून थोडा उजेड आहे.