हात वर

डुलुथला जानेवारीत सरोवरातून वाफा निघतात.
उणे सव्वीस. औषधांच्या खिडकीची काच आतून गोठते,
आणि गेल्या वर्षी भरलेलं सगळं
एका रात्रीत कोरं होतं.

व्हर्नर हौताला कागद गिरणीतून थेट आला,
जाकिटाला ओल्या लगद्याचा वास.
बायकोची गोळी. इडेला.
जन्मतारीख त्याने न विचारताच सांगितली,
दर महिन्याला मीच विचारते म्हणून.

डिसेंबरात पस्तीस डॉलर.
आज पडद्यावर लाल अक्षरं: नामंजूर.
खाली रोखीची किंमत, एक हजार नऊशे बारा.
असले आकडे मी मोठ्याने वाचत नाही,
पडदा नुसता वळवते.
"चूक असेल," तो म्हणाला.
सगळे हेच म्हणतात, आवाज खाली आणून,
जणू चूक त्यांचीच.

मग मी माझं पाठ असलेलं सांगितलं.
यादीला पायऱ्या असतात.
पहिलीवर जुनी, कंपनीचं नाव नसलेली औषधं,
पाच डॉलरला महिनाभराची.
दुसरी, तिसरी. चौथीवर ही.
गेल्या वर्षीच्या यादीत दुसरीवर होती,
एक तारखेला कुणीतरी उचलून वर बसवली.
माणसाने आपली पायरी ओळखावी म्हणतात.
गोळीची पायरी मात्र
फिनिक्सच्या उन्हात बसलेली एक समिती ओळखते.

शिवाय आधी परवानगी.
परवानगी मिळाली तरी पहिले दोन हजार तुमचेच,
तोवर विमा बाजूला उभा राहून बघतो.
आणि परवानगी हवी तर
आधी तीन महिने स्वस्तातलं घ्या, ते हरलं पाहिजे.
"घेतलंय तिने. सहा वर्षांपूर्वी. जिना उतरता येत नव्हता."
ते जुन्या विम्याकडे असेल, मी म्हणाले.
या विम्याच्या कागदावर
तिला पुन्हा हरावं लागेल,
तारखेनिशी, डॉक्टरांच्या सहीनिशी.

इडेला माशांना फसवायच्या माश्या बांधते.
तांदळाच्या दाण्याएवढा गळ,
त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस, रेशमाचे चार वेढे.
एक मला दिली होती तिने, मागच्या ऑक्टोबरात,
ओळखपत्राच्या पट्ट्याला टोचलेली आहे.
गोळी थांबली की तिसऱ्या आठवड्यात
तिच्या बोटांना दोऱ्याचं टोक सापडत नाही.

व्हर्नरने टोपी काढली.
"सप्टेंबरात युनियनच्या हॉलमध्ये दोन कागद होते,
एक निळा, एक पांढरा.
पांढऱ्यात दर पंधरवड्याला अकरा डॉलर कमी कापणार होते.
मागे बरीच पानं होती, बारीक अक्षरांची.
कॉफी होती. रात्रपाळी करून आलो होतो.
मी हात वर केला."
आणि त्याने खरंच तो वर केला,
माझ्यासमोर, रांगेतल्या चौघांसमोर,
रुंद, भेगाळलेला, दोन बोटांना नखं नसलेला,
आणि खाली घ्यायचं विसरला.

विमा हात वर करतो ते वेगळं.
मी करते तेही. दिवसातून आठ-दहा वेळा,
हसतमुखाने, मदतीचा नंबर लिहून देत.
तो नंबर मी स्वतः लावून पाहिलाय,
एक्केचाळीस मिनिटं सनई की काहीसं वाजत होतं,
मग लाइन तुटली.

डॉक्टरांना फॅक्स टाकला. दहा दिवस लागतील, म्हटलं.
तो ओठ हलवत हिशोब करत होता.
"सुट्या मिळतात?"
मिळतात. एकीला त्रेसष्ट डॉलर त्र्याहत्तर सेंट.
"मग चार द्या," तो म्हणाला,
"शनिवारी तिला एक ऑर्डर पुरी करायचीय."

आम्ही गोळ्या पाच-पाचने मोजतो,
चपट्या सुरीने, निळ्या थाळीत.
सवयीने पाच ओढल्या.
एक परत ढकलली.