चिखलाचा रंग

विव्हनहोच्या धक्क्यावर, गुरुवारी, साडेनऊला,
ओहोटी होऊन गेलेली.
नदीच्या जागी नुसता चिखल
आणि त्यात एका कुशीवर निजलेली निळी होडी.

मी तिपाई रोवली. एक पाय आखूड,
त्याखाली बसचं जुनं तिकीट, सहा घड्या घालून.
कागद चार चिमट्यांत,
तरी वारा मागून हात घालून बघतच होता.

थेल्मा पर्किस, वय एक्याऐंशी,
पायांत मुलाचे गमबूट. म्हणाली,
"आधी सावल्या पकड.
मग त्या कुठेही जाऊ देत, मागे धावू नकोस."
मी पेन्सिलीला टोक काढेपर्यंत
होडीखालच्या सावल्या निघून
दोरखंडाच्या वेटोळ्यात जाऊन बसल्या होत्या.

"चिखलाचा रंग कोणता?"
तपकिरी, मी म्हणाले.
ती काही बोलली नाही. थर्मासचं झाकण फिरवत राहिली.

पुन्हा बघितलं.
कोलचेस्टरच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं
काचपट्ट्यांवरच्या पेशी मोजल्या मी,
बघणं हाच माझा पगार.
पण काचपट्टीवर कधी ढग येत नाही.

पाण्याच्या कडेला राखी.
अलीकडे शेवाळी, मध्येच जरा जांभळट,
आणि होडीच्या पोटाशी, जिथे ओल अडकलेली,
तिथे –
"आमसुली!"
मोठ्यानं गेलं तोंडातून.

आता हिला आमसूल कसं सांगावं?
एक फळ असतं. वाळवतात. आमटीत पडलं की…
सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.
थेल्मानं निळ्यात किरमिजी कालवला, वर थोडी माती.
"असा?"
अजून आंबट हवा.
हसली. पण खरंच टेकवला
पिवळ्याचा एक ठिपका,
आणि तो तोच होता.

तेवढ्यात पाणी आलं,
चराचरांतून, चाचपडत.
होडी कण्हली, हेलकावली, उठून बसली.
आमसुली बुडाला.
कागदावर ती अजून निजलेलीच.

"आता काय करू?"
थेल्मा ब्रश पँटला पुसत होती.
"आता डबा खायचा."

घरी आल्यावर दिसलं:
आकाशाच्या ओल्या भागात
एक चिलट चिकटलंय, पंखांसकट.
चिमटा घेऊन बसले काढायला.
मग ठेवून दिला चिमटा.
तेही तिथेच होतं की,
सकाळपासून.