द्वारा

व्हिटबीच्या टेकडीवरचं वृद्धनिवास.
नव्या इमारतीतले डिटेक्टर शिकलेले.
प्रत्येकाला आपापला क्रमांक, आणि पॅनेल
दर काही सेकंदांनी हजेरी घेतं:
सदतीस? हजर.
अडतीस? हजर.
एकोणचाळीस धुळीने जरा खोकतो, पण हजर.

जुन्या बाजूचे एकोणीस मात्र निनावी.
त्यांना एकच येतं, ओरडणं.
कोण ओरडलं, कुठल्या खोलीतून, ते सांगता येत नाही.
छत प्लास्टरचं, कडेला द्राक्षांचे घड,
केबल तांब्याच्या नळीतली, वर रंगाचे सात थर.
तोडफोडीला पैसे पुढच्या वर्षी,
असं गेली चार वर्षं.

मॅल्कमने माझ्या हातावर
साबणाच्या वडीएवढी डबी ठेवली.
"मॉड्यूल. ही बोलेल त्यांच्या वतीने."
एकोणीस जणांत मिळून एक पत्ता.
शिडीवर बसून मी बारीक खटके वर केले,
चौसष्ट, सोळा आणि चार.
चौऱ्याऐंशी.

लीड्समधली पहिली दोन वर्षं
माझी पत्रं अशीच यायची.
आईच्या अक्षरात माझं नाव, खाली
द्वारा : श्री. पोंक्षे.
पोस्टमनच्या लेखी घरात पोंक्षेच राहायचे.
काकू खालून ओरडायच्या, "अगं, कुणाचं तरी आलंय!"
आणि माळ्यावरच्या आम्ही तिघी
एकदमच जिना उतरायचो.

तार एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.
मध्येच फाटा काढायचा नाही,
हे मॅल्कमचं पहिलं, आणि बहुधा एकमेव, तत्त्व.
फाट्यावरचा डिटेक्टर कुणी काढून नेला
तरी पॅनेल शांत झोपून राहतं.
"नाहीसं झालेलं कळायला हवं," तो म्हणतो,
आणि चहात बिस्कीट बुडवतो.

अगदी टोकाला एक रेझिस्टर,
पिवळा, जांभळा, लाल पट्टा,
साळीच्या दाण्याहून फार मोठा नाही.
त्याने काही करायचं नाही. तिथे असायचं.
त्याच्यातून जाऊन थोडीशी वीज परत येते,
तोवर वाट शेवटपर्यंत शाबूत.

टोकाची खोली ऑल्डरसन बाईंची.
"गॅसवाली का?" दर दहा मिनिटांनी.
मी दर वेळी नाव सांगते, शरयू,
त्या दर वेळी "शेरी!" म्हणतात
आणि पेला उचलल्यासारखा हात करतात.
खिडकीबाहेर बंदर पुसत आलेलं.
"धूर आहे का तो?"
नाही, धुकं.
आमच्याकडे दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात,
हे सांगणार होते. मग स्क्रू सापडेना, राहून गेलं.

चाचणी. काठीच्या टोकाला पेला, त्यात खोटा धूर.
घंटा. पॅनेलवर एवढंच:
चौऱ्याऐंशी. जुनी बाजू. आग.
रात्रपाळीची जॉसलिन लवकर आली होती, ती धावली,
दार, मान वर, दार, मान वर,
कुठला लाल दिवा पेटलाय?
दोन मिनिटं अकरा सेकंद.
"फार झाली," ती म्हणाली. आमच्याकडे न बघता.

मॅल्कमने वहीत लिहिलं: बसवलं, तपासलं.
सही केली. व्हॅनच्या किल्ल्या शोधू लागला.
मी औषधाच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून
पॅनेलशेजारी खोल्या लिहिल्या,
दारांवरच्या आकड्यांनी नव्हे, तार जाते तशा.
जॉसलिनने पेन हिसकावलं.
खोल्यांपुढे माणसं लिहिली,
कोण चालतं, कोण खुर्चीत, कुणाला ऐकू येत नाही.
वरच्या कोपऱ्यात मी हात सवयीने चालवला.
"हे काय?"
पत्ता, म्हटलं. त्यांचा.

"पुन्हा घ्या," ती म्हणाली, बूट घट्ट बांधत.
मॅल्कमने किल्ल्या खिशात टाकल्या, काठी उचलली,
या वेळी कुठे जातोय ते सांगितलं नाही.
घंटा.
एक मिनिट चार.
टोकाच्या खोलीचं दार किलकिलं झालं:
"गॅसवाली का?"