एका मिनिटाचं नाव

टेबलावर रबराची बाहुली.
पोटात पाणी भरलं की ती खऱ्या बाळाइतकी जड होते,
मानही तशीच लुळी पडते.
समोर तीन मुली. एक खोतिगावची, एक लोलयेची,
तिसरीच्या बापाचं पाळोळ्याला शॅक आहे.
मी म्हणते, आधी पुसा. कोरड्या फडक्यानं पाठ चोळा.
हनुवटी जराशी वर,
फुलाचा वास घेताना धरतो तेवढीच.
आता मास्क. दाबा. छाती उचलली?
माझ्याकडे काय बघता, छातीकडे बघा.

पूर्वी काय करायचे, सिस्टर?

पूर्वी थाळी वाजवायचे, काशाची, कानापाशी.
कांदा चावून नाकावर फुंकायचे.
नाळ तोडायचीच नाही, वार निखाऱ्यावर धरायची,
ऊब नाळेतून उलटी जाईल म्हणून.
शॅकवाली हसते.
हसू नकोस. नाळ तोडायची घाई नको,
हे आता भिंतीवरच्या तक्त्यातही लिहिलंय.
आणि शिकलेले डॉक्टर? ते बाळाला खांद्यांत धरून
हवेत झोके द्यायचे, घंटेसारखे.
दोन घमेली, एकात कढत पाणी, एकात गार,
यातून त्यात, त्यातून यात.
जी जगली ती बहुतेक
त्यातून सुटायला रडली असतील.

मी काय केलं तेही सांगते.
चौऱ्याऐंशी साली, मडगावला, पाय धरून उलटं टांगलं
आणि तळव्यांवर चापट्या. सगळ्याच करायच्या.
मग सिलिंडर आला. शंभर टक्के ऑक्सिजन,
हात सैल सोडून.
पंचवीस वर्षांनी परिपत्रक आलं, एक पान, खाली सही:
पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते.
साधी हवा.
खिडकीतून येत होती ती,
एप्रिलात काजूच्या भट्टीचा वास घेऊन येते ती. फुकट.
त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या उघडल्या नाहीत.
अजूनही नाहीत.

मी स्वतः निळी आले. गालजीबागेत,
पोर्तुगीज गेले त्याच्या आदल्या वर्षी.
पार्तेर कोंसेसांव, अनवाणी, गळ्यात तेर्साची माळ.
थाळी झाली, कांदा झाला.
मग ती घाबरली, तिच्या रीतीनं घाबरली:
तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं,
माझ्या कपाळावर खूण केली
आणि मला एक नाव दिलं.
बिननावाचं मूल पुढं कुठं जाईल
याची तिला फार काळजी.
दारात बाबा, हातात तुळशीचं पान.
ते बघत होते. काही बोलले नाहीत.
नाव दिल्यावर मग तिनं तोंड माझ्या तोंडावर ठेवलं.
छातीतली नव्हे, गालातली हवा, घोटभर.
पुन्हा.
रड गो बाये, रड.

सहाव्या रात्री सटीपुढं कोरा कागद ठेवला, दौत ठेवली.
बाराव्याला सुलक्षा झाले.
आई जाण्याआधी, हॉस्पिसियोच्या खाटेवर, म्हणाली,
तुझं आधी एक नाव होतं.
कोणतं?
तिला आठवेना. बराच वेळ छताकडे बघत राहिली.
लांब होतं, म्हणाली. गोड होतं.

लोलयेची मुलगी दाबतेय. छाती उचलली.
बोटं थरथरताहेत, पण उचलली.
मोजा, मोठ्यानं मोजा.
हे मी त्यांना शिकवत नाही, अभ्यासक्रमात नाही:
बाळ मुकं आलं की हात आपलं काम करतात
आणि मी मनात एखादं लांब नाव घेते,
दर वेळी वेगळं.
अजून ते सापडलेलं नाही.

चला, पाणी ओता, बाहुली उन्हात नको, रबर तडकतं.
उद्या साडेआठ.