पाचच्या आत

दुपारचे तीन चाळीस.
बाहेर मिसिसिपी गोठलीय,
कपातली कॉफीही त्याच वाटेवर.
प्रोफेसर ब्रेके मफलरसकट दारात उभे.
"डेलोरेस, घोडं अडलंय."

घोडं रोजच अडतं.
अठ्ठावीस वर्षं मी याच खुर्चीत बसून
दुसऱ्यांची अडलेली घोडी
पाचच्या आत पार करत आलेय.
पूर्वी चौदा प्रती लागायच्या, खोकी असायची.
बर्फातून पिकअप हाकत विमानतळ गाठायचे,
कुरिअरच्या पोराला डोनट देऊन
बंद झालेली खिडकी उघडवायचे.
आता खिडकी पडद्यावर आहे
आणि ती डोनट खात नाही.

तिला समास अर्ध्या इंचाचा लागतो,
अक्षर अकरा पॉइंटाचं,
आणि फाइलच्या नावात स्वल्पविराम चालत नाही.
एका स्वल्पविरामापायी गेल्या साली
मधमाश्यांचा अख्खा प्रकल्प परत आला.
अर्जदार म्हणून ब्रेक्यांचं नावही नसतं तिथे.
अर्जदार विद्यापीठ.
विद्यापीठाला बोट नाही,
म्हणून बोट माझं.

ब्रेके नदीतले शिंपले मोजतात.
माकडतोंड्या, टाचफोड्या, धोबीफळी.
नावं वाचून वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी हसत असेल.
धरणाखालच्या गाळात साठ साठ वर्षं
एका जागी बसून
आल्या-गेल्या पाण्याला गाळणारे जीव.
त्यांच्या पाठीवरच्या रेघा वाचायची
माय-यिया मोउआ.
ती गेल्या मंगळवारी गेली.

पडद्यावर लाल ओळ:
वरिष्ठ व्यक्ती क्रमांक दोन यांनी
आपला परिचय स्वतः प्रमाणित केलेला नाही.

"राहून गेलं," ब्रेके म्हणाले,
जसं काही तीच
बाजूच्या खोलीत विसरली होती.

मी तिचे महिने शून्य केले.
वर्षाला दोन, अशी तीन वर्षं.
पुन्हा लाल ओळ.
शून्य महिन्यांचा माणूस नियमात बसत नाही,
महिने द्या, नाहीतर नाव काढा.

चार बावीस.
नाव काढलं.
त्याबरोबर खर्चाचा तक्ता ढासळला:
तिचा पगार, पगारावरचा विमा,
होडीचं भाडं, पाणबुड्याचा पोशाख (लहान मापाचा),
आणि त्या सगळ्यावर विद्यापीठाचा वाटा.
ब्रेके आकडे सांगत होते, मी भरत होते.
मध्येच म्हणाले, ती बर्फ फोडून
पाण्यात उघडा हात घालायची, खांद्यापर्यंत.
हातमोज्यातून शिंपला कळत नाही म्हणे.

मी विचारलं, दुसऱ्या वर्षीचा प्रवासखर्च?

तेराव्या पानावर 'आम्ही दोघं' असं होतं.
माझ्या नजरेला पडलं, त्यांच्याही.
यंत्र व्याकरण तपासत नाही.
मी पान उलटलं.
संदर्भसूचीतही ती आहे, सात वेळा,
तिथे कुणी महिने विचारत नाही.

चार एकावन्न. बटण दाबलं.
चक्र फिरलं, थांबलं, फिरलं.
मग हिरवी ओळ: मिळाला.
मिळाला म्हणजे तपासला नव्हे,
तपासला म्हणजे वाचला नव्हे,
वाचला म्हणजे पैसे नव्हेत.
हे मी दरवेळी सांगते, आजही सांगितलं.

"मग आता?"
"आता सहा-सात महिने काहीच नाही."
"शिंपल्यांना चालेल," ब्रेके म्हणाले
आणि मफलर घट्ट करू लागले,
तो सोडलाच नव्हता हे लक्षात न येता.

ते गेल्यावर पाहिलं तर
माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात तिचा परिचय पडून होता,
न जोडलेला, दोन पानी.
तिनेच दिलेलं नाव: 'मोउआ, जवळजवळ अंतिम'.
स्वल्पविरामासकट.
एरवी मी असली फाइल ताबडतोब उडवते.

फोन वाजला. नर्सिंगवाले.
त्यांचं बजेट उघडत नव्हतं.
चार अठ्ठावन्न.