देवळालीचा ताप

हडर्सफील्डच्या वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
पहिल्याच आठवड्यात कर्स्टी म्हणाली,
चहात दूध ओतता ओतता,
"सात नंबरच्या ईनिड आजी ना,
पार डूलॅली झाल्यात."

मला आधी वाटलं, डुलायला लागल्यात.
तिने कानशिलापाशी बोट फिरवलं.
ती खूण कळली, तिला भाषांतर लागत नाही.
शब्द मात्र हलेना.
कुठेतरी पाहिलेला वाटत होता,
हॅट घालून आलेल्या चुलत्यासारखा.

चादरींच्या कपाटाआड उभं राहून फोनवर शोधला.
डूलॅली म्हणजे देवळाली.
आमची देवळाली.
लॅम रोडला अण्णांचं सायकलचं दुकान,
मी ढोपरं फोडली तो उतार, ती.

गोरे शिपाई तिथे बोटीची वाट बघत पडायचे.
नोकरी संपलेली, बंदूक जमा केलेली,
ऊन, डास, दारू, पुन्हा ऊन.
कुणाचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे,
ह्याला देवळालीचा ताप.
ताप तर आपलाच,
अंगात असतो तोही, डोक्याला होतो तोही.
पुढे ताप उतरला.
गाव तेवढं त्यांच्या जिभेवर राहून गेलं.

सकाळी बस स्टॉपवरून अण्णांना फोन लावला.
तावातावाने सांगितलं सगळं.
पलीकडे घमेल्यात ट्यूब बुडवल्याचा आवाज,
बुडबुडे मोजत असावेत.
मग म्हणाले,
"आणि आपण काय म्हणतो गं?
ह्याला ठाण्याला न्या.
ठाण्यात काय माणसं भाजी घेत नाहीत?"

बस आली. मी काही बोलले नाही.

रात्री तीनला ईनिड आजी
कोट चढवून कॉटच्या कडेला बसलेल्या,
बटणं एक घर चुकून वर लागलेली,
पर्स मांडीवर.
टॅक्सी सांगितली आहे म्हणाल्या.
पत्ता घडाघडा सांगितला, पोस्टकोडसकट,
चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या घराचा.

मग माझ्याकडे नीट बघत,
"तू कुठली गं, लव्ह?"
"डूलॅलीची," मी म्हटलं.
इतक्या हसल्या की कवळी सुटली.
ती सावरत म्हणाल्या,
"अगं, मग आपण एकाच गावच्या."

कोट मी काढला नाही.
बटणं तेवढी सरळ लावली
आणि बाजूला बसले.
खाली ओला रस्ता, एकही दिवा हलत नव्हता.
अजून बोट लागायची होती.